सहा शनिवार, सहाशे रुपये: चर्चच्या सामाजिक शिकवणीचा वर्ग केला, त्याचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच हवंय ते मोकळे. पाचपैकी साडेतीन. पैसे वसूल आहेत, नक्की जा, पण शेवटच्या शनिवारी काय झालं तेवढं वाचून जा.

आमच्या वसईतल्याच एका धर्मग्रामात, म्हणजे कॅथलिक पॅरिशमध्ये, हा वर्ग झाला. चर्चची सामाजिक शिकवण आणि आजच्या काळातला न्याय असा विषय, सहा शनिवार, दुपारी ४ ते ६.३०, फी ६०० रुपये, त्यात स्पायरल बाइंडिंगची एक पुस्तिका, रोजचा चहा-बिस्कीट आणि शेवटच्या दिवशी जेवण. धर्मग्रामाचं नाव लिहीत नाही कारण रविवारी मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, तिथेच जायचंय आणि सासूबाई तिथल्या महिला मंडळात आहेत. मी चर्चगेटला अकाउंट्समध्ये नोकरी करते, धर्मशास्त्राशी माझा संबंध लहानपणीच्या धर्मशिक्षणाच्या (कॅटेकिझमच्या) वर्गापुरता, तोही दृढीकरणाचा संस्कार झाला तेव्हाच संपला. नाव खरं तर नणंदेने घातलं. तिने दोघींची फी भरली आणि पहिल्याच शनिवारी तिच्याकडे पाहुणे टपकले, मग काय, मी एकटीच गेले.

मला वाटलेलं प्रवचन असणार. गरिबांवर दया करा, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, दान द्या, झालं. तसं अजिबात नव्हतं.

पहिल्या दिवशी पुण्याच्या सेमिनरीतून, जिथे फादर तयार होतात तिथून, एक फादर आलेले, बारीक अंगाचे, साधा शर्ट, चप्पल, आणि त्यांनी सुरुवात प्रार्थनेनंतर थेट अशी केली की इथे कोणाकोणाच्या वाडीत कामाला माणसं येतात त्यांनी हात वर करा. अर्ध्याहून जास्त हात वर. मग म्हणाले, ठेवा वर, आता ज्यांना त्या माणसाची रोजची मजुरी माहीत आहे त्यांनीच ठेवा. काही हात खाली आले, बहुतेक पुरुषांचे राहिले. मग म्हणाले, त्या मजुरीत त्याच्या घरचं महिन्याचं राशन किती दिवस चालतं हे माहीत असलेल्यांनी ठेवा. एकही हात राहिला नाही. मग ते १८९१ वर आले.

तर १८९१ सालचं पत्र, रेरुम नोवारुम. १५ मे ही तारीख. तेरावे लिओ पोप होते. विश्वपत्र म्हणतात त्याला, म्हणजे पोपने सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेलं पत्र. युरोपात गिरण्या-कारखाने धडाधडा उभे राहिलेले, माणसं खेड्यातून उठून शहरात, बायका-पोरं कामाला, आणि बऱ्याच ठिकाणी युनियन करायची तर मालकही विरोधात आणि सरकारही. त्या पत्रात पोप समाजवाद्यांना सांगतात की खाजगी मालमत्ता मोडीत काढणं चूक आहे, आणि त्याच दमात मालकांना सांगतात की कामगार हो म्हणाला एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही. माणूस अडला म्हणून कमी पैशाला तयार झाला तर त्याला जबरदस्तीच म्हणायचं. मजुरी निदान एवढी हवी की काटकसरीने राहणारा कामगार त्यावर नीट जगेल. संघटना करायचा हक्कही त्यात आहे. हे सगळं ऐकताना मला आमच्या ऑफिसातले कॉन्ट्रॅक्टवरचे पोरगे आठवत होते, दर अकरा महिन्यांनी एक ब्रेक दाखवायचा आणि परत नवीन लेटर द्यायचं, ती लेटरं मीच टाइप करते.

मागच्या रांगेत एक पोरगा होता, फूड डिलिव्हरी करतो, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. त्याने विचारलं की फादर माझा मालकच कोण ते मला माहीत नाही, अ‍ॅप आहे नुसतं, मी रेटबद्दल भांडायचं कोणाशी. हॉल हसला पण फादर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की मे २०२५ मध्ये नवे पोप निवडून आले त्यांनी चौदावे लिओ हे नाव का घेतलं तर ह्याच तेराव्या लिओंवरून, आणि तसं त्यांनी स्वतः निवडीनंतर दोन दिवसांत कार्डिनलांसमोर, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांसमोर, बोलून दाखवलं की तेव्हा औद्योगिक क्रांती होती तशी आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स आलीय आणि माणसाच्या श्रमाचा प्रश्न परत उभा आहे. पोराच्या प्रश्नाचं उत्तर काही ह्यात नव्हतं, ते फादरनी मान्य पण केलं. मला तेच आवडलं. पहिल्या दिवसाला पाच स्टार.

दुसरा शनिवार इतिहासाचा, पत्रांची जंत्री, आणि इथे माझी नजर जरा जड झाली, दुपारची वेळ, वर पंखा गरगरतोय. पण दोन गोष्टींनी जाग आली. एक म्हणजे हे पोपलोक १५ मे सोडतच नाहीत. १८९१ ची आठवण म्हणून १९३१ ला पुढचं पत्र, तेही १५ मे, १९६१ ला आणखी एक, तेही १५ मे. १९८१ ला पोप दुसरे जॉन पॉल कामगारांवरचं पत्र १५ मेलाच काढणार होते, पण १३ मेला त्यांच्यावर व्हॅटिकनच्या चौकातच गोळ्या झाडल्या, त्यामुळे ते पत्र सप्टेंबरात आलं. भांडवलापेक्षा श्रम आधी, कारण भांडवल हे श्रमातूनच साठलेलं असतं, असं त्या पत्रात आहे. डबल एंट्रीच्या वहीत ही नोंद कुठे बसवायची ह्याचा विचार करत मी अर्धा तास घालवला.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले होते, ओव्हल मैदानावर ती मोठी युकॅरिस्टिक काँग्रेस, कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरलेली तेव्हा. इथूनच त्यांनी जगातल्या सरकारांना सांगितलं की शस्त्रांवर उडवता त्यातला काही भाग बाजूला काढा आणि गरीब देशांसाठी एक फंड करा. आणि १९६७ मध्ये त्यांनी विकासावर जे विश्वपत्र लिहिलं त्यात ह्या मुंबईतल्या मागणीची आठवण चक्क नावासकट आहे. बॉम्बे, असं. मी रोज त्या ओव्हलच्या कडेने चालत ऑफिसला जाते, क्रिकेट खेळणारी पोरं बघत, मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी गेलेले की बाबांबरोबर, नऊ-दहा वर्षांची होते, पोप एवढासा दिसला, पाय मात्र जाम दुखलेले. फंडाचं काय झालं विचाराल तर शस्त्रांचा खर्च तुम्हीच बघा.

आता पुस्तिकेबद्दल, कारण फीमध्ये तीच मुख्य वस्तू आहे. छपाई ठीक, अक्षर बारीक, पण भाषा म्हणजे अरे देवा. सॉलिडॅरिटीला, म्हणजे एकमेकांच्या पाठीशी उभं राहण्याला, एका पानावर ऐक्यभाव, दुसऱ्या पानावर एकात्मता, तिसऱ्यावर बंधुभावयुक्त सहसंवेदना. सब्सिडिअ‍ॅरिटीला पूरकतातत्त्व. माझ्या शेजारच्या बाई, दादरला फुलं घेऊन जातात पहाटेच्या गाडीने, त्यांनी ते पान दोनदा वाचलं, मिटलं आणि पिशवीत टाकलं. ज्यांच्यासाठी ही शिकवण आहे म्हणता त्यांना पहिल्याच ओळीला बाहेर काढायचं असेल तर ह्याच्यासारखं मराठी लिहावं. एक स्टार इथे गेला.

बरं तिसऱ्या शनिवारी तेच तोंडी समजावताना मात्र फादर झकास. म्हणाले, जे काम गाव करू शकतं ते तालुक्याने ओढून घेऊ नये, जे तालुका करू शकतो ते मुंबईने ओढून घेऊ नये, आणि गावाला झेपत नसेल तेव्हा वरच्याने हात द्यायचा, मालक नाही व्हायचं. झालं पूरकतातत्त्व, १९३१ च्या पत्रातलं. एवढं म्हणताच हॉलमध्ये गावांचा विषय निघणार हे ठरलेलं होतं. बाहेरच्यांसाठी सांगते, २००९ मध्ये इथल्या चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका केली, गावांना ती नको होती, मोर्चे झाले, लाठ्या खाल्ल्या, मग २९ गावं वगळायचं ठरलं, मग ते कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. एक काका उठून म्हणाले, म्हणजे फादर आम्ही तेव्हा रस्त्यावर उतरलो ते १९३१ च्या पत्राप्रमाणेच होतं तर. फादर म्हणाले, तुम्ही पत्र वाचलं नव्हतंत म्हणून जास्तच बरोबर होतं. टाळ्या पडल्या. तिथून पुढे वीस मिनिटं वर्ग कोणाच्याच हातात नव्हता, ग्रामपंचायतीची घरपट्टी किती होती आणि आता किती आहे ह्यावर दोन गट पडले.

ह्याच दिवशी चहाच्या वेळी मी खुर्च्यावाल्या काकांशी बोलले. दर शनिवारी आम्ही यायच्या आधी हॉलमध्ये ऐंशी प्लास्टिकच्या खुर्च्या लावलेल्या असायच्या, सरळ रेषेत, मधे वाट सोडून, आणि आम्ही गेलो की परत दहा-दहाच्या चळती करून भिंतीला. घंटा वाजवणं, वेदीवरचे कपडे, मेणबत्त्या, अंत्यविधी असला की गेट उघडणं, सगळं तेच. जव्हारकडचे आहेत, मूळ वारली. मी सहज विचारलं किती वर्षं झाली काका, तर म्हणाले बारा. पगार विचारला, अकाउंट्सवाल्यांची ही वाईट खोड आहे, कोणालाही पगार विचारतो आम्ही. अकरा हजार. राहायला मागे एक खोली. पीएफ? ते काय असतं असं नाही विचारलं त्यांनी, त्यांना माहीत होतं, फक्त मान हलवली आणि कपात चहा ओतला. सुट्टी? पावसात लावणीला गावी आठवडाभर. तो पगारी का बिनपगारी ते मी विचारलं नाही, तेवढ्यात घंटा झाली, म्हणजे तेच उठले आणि त्यांनी वाजवली.

चौथा शनिवार पर्यावरणाचा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. पोप फ्रान्सिसचं २०१५ चं विश्वपत्र, लाउदातो सी, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हा एकच आहे असं सांगणारं. पण पत्र उघडायच्या आधी फादर म्हणाले चला, आणि सगळ्यांना घेऊन चर्चच्या मागच्या बावखलावर गेले. बावखल म्हणजे आमच्याकडची वाडीतली तळी, गोड्या पाण्याची, पूर्वजांनी खणलेली, पावसाचं पाणी त्यात मुरायचं आणि विहिरी गोड राहायच्या. आता ह्या बावखलात जलपर्णी एवढी माजलीय की पाणी दिसतच नाही, वर थर्माकोलचे ताट आणि कोणाच्या तरी बर्थडेचा फुगा, आणि एका बाजूने कोणीतरी डेब्रिज टाकून हळूहळू पुढे सरकतंय, ते टाकणारा कोण हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी नाव घेतलं नाही. फादरनी काही भाषण दिलं नाही. दहा मिनिटं गप्प उभं राहायला सांगितलं आणि मग परत हॉलमध्ये आणून फळ्यावर तीन शब्द लिहिले, पाहा, पारखा, करा. बेल्जियमच्या कार्डायन नावाच्या फादरनी कामगार पोरांच्या गटांसाठी ही रीत काढली आणि १९६१ च्या विश्वपत्राने ती उचलली.

मग अर्थातच दिब्रिटो फादर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मराठी वाचकांना साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत, २०२० चं उस्मानाबादचं, आणि सुबोध बायबलसाठी साहित्य अकादमी मिळालेले. जुलै २०२४ मध्ये गेले. आमच्यासाठी मात्र ते हरित वसईचे. टँकरवाले विहिरींचं पाणी उपसून बाहेर विकायचे आणि विहिरी खाऱ्या होत चाललेल्या, वर हिरवा पट्टा बिल्डरांना मोकळा करायचं घाटत होतं, तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि धर्मगुरू झग्यासकट मोर्च्यात. तेव्हा लाउदातो सी यायला पंचवीसेक वर्षं होती. माझे वडील त्या मोर्च्यांना गेलेले, आईने भाकऱ्या बांधून दिलेल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ऐकताना छाती फुगते ती फुगतेच.

पण वर्गात एक आजी होत्या, सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या, लाल लुगडं, सहा शनिवारांत एवढंच बोलल्या त्या. म्हणाल्या, बिल्डर काय आभाळातून पडला नाय, सातबारा आपणच काढून दिला. सगळा हॉल चिडीचूप. आमच्याही घरची साडेचार गुंठे २००६ मध्ये गेली, त्या पैशात माझ्या नवऱ्याच्या बहिणीचं लग्न आणि वरचा मजला झाला, ह्याच नणंदेचं लग्न, जिने फी भरली.

पाचव्या शनिवारी फादर नव्हते, वकिली करणाऱ्या एक सिस्टर आलेल्या, कोर्टात आदिवासींच्या केसेस लढतात. माइक खराब, खर्रखर्र आवाज, शेवटी त्यांनी तो बाजूला ठेवला आणि तशाच बोलल्या. विषय दलित ख्रिस्ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या, नंतर १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. ह्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, सरकार अन्याय करतंय वगैरे. मग सिस्टर म्हणाल्या, आता आपल्या घरात बघू. भारतातल्या बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये स्वतःच एक धोरण काढलं आणि त्यात चर्चच्या आतही जातिभेद चालतो हे मान्य केलं. भारतातून पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं, हैदराबादचे अँथनी पूला. मग विचारलं, तुमच्या मुलीने सामवेदी सोडून कोळ्याच्या घरात लग्न ठरवलं, किंवा वाडवळाने आदिवासी ख्रिस्ती मुलगी आणली, तर बँडवाल्याला सांगायच्या आधी कोणाकोणाला तोंड द्यावं लागेल? हसू आलं लोकांना, पण ते कुठलं हसू होतं ते वसईवाल्यांना कळेल.

एकाने स्टॅन स्वामींबद्दल विचारलं. इथे आयोजकांपैकी एकजण घाईघाईने म्हणाला की वेळ कमी आहे, चहा थंड होतोय. सिस्टर म्हणाल्या, होऊ दे. आणि पाचच मिनिटांत सांगितलं, एकही विशेषण न लावता. झारखंडमध्ये आदिवासींमध्ये काम करणारा जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा फादर, वर्षानुवर्षं कच्चे कैदी म्हणून तुरुंगात सडणाऱ्या आदिवासी पोरांसाठी कोर्टात गेलेला. ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव केसमध्ये यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक, तळोजा जेल. पार्किन्सन्समुळे हातात ग्लास धरता येत नव्हता म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितलं तर त्यावर कोर्टात तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ ला मुंबईत हॉस्पिटलमध्ये गेले, ८४ वर्षांचे, जामिनाचा अर्ज कोर्टातच होता, खटला उभाच राहिला नव्हता. सांगून झालं आणि सिस्टरनी पाण्याची बाटली उघडली. मी त्या चहाच्या घाईवाल्याकडे बघत होते. वाईट माणूस नाही तो, घाबरलेला होता, आणि आजकाल कोण नाही. पण न्यायाचा वर्ग काढायचा आणि तिथे पण हळू बोला म्हणायचं, ह्याला अर्धा स्टार कापलाय.

आता शेवटचा शनिवार, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

झालं असं की पुस्तिकेत १९७१ च्या बिशपांच्या सिनडचं, म्हणजे सभेचं, एक गाजलेलं वाक्य जाड टायपात आहे, की न्यायासाठी काम करणं हा सुवार्तेच्या घोषणेचाच भाग आहे, वरून चिकटवलेली गोष्ट नाही. मला ते आवडलं म्हणून मी विरार लोकलमध्ये, दादरनंतर जागा मिळाल्यावर, मोबाइलवर तो अख्खा दस्तऐवज काढून वाचला, इंग्रजीत, अडखळत. बोरिवलीपर्यंत सापडलं ते असं की त्याच दस्तऐवजात पुढे चर्च स्वतःबद्दल बोलतं. जो लोकांना न्याय शिकवायला जातो तो आधी त्यांच्या नजरेला न्यायी दिसला पाहिजे, म्हणून आपण आपला कारभार, आपली मालमत्ता, आपली राहणी तपासायला हवी. आणि तिथेच लिहिलंय की चर्चमध्ये श्रम करून सेवा करणाऱ्यांना पोटापुरतं नीट मिळायला हवं आणि त्यांच्या भागात जी सामाजिक सुरक्षा असते ती त्यांनाही मिळायला हवी. हे पुस्तिकेत नाही. मी दोनदा पानं उलटली, वाटलं माझ्या प्रतीत गळलं असेल, शेजारच्या फुलवाल्या बाईंची पण प्रत बघितली. गाजलेलं वाक्य आहे, हा भाग नाही.

प्रश्नोत्तरात मी उठले. पाय थरथरत होते, खोटं कशाला बोलू, ऑडिटरसमोर पण एवढे थरथरत नाहीत. म्हटलं फादर हा भाग पुस्तिकेत का नाही, आणि आपल्या धर्मग्रामात कामाला किती माणसं आहेत, त्यांना पीएफ आहे का. काकांचं नाव मी घेतलं नाही, मुद्दाम, पगाराचा आकडा पण नाही.

पुण्याचे फादर म्हणाले पानं कमी करावी लागली, आणि मग दोन सेकंद थांबून म्हणाले, नाही, ते घ्यायला हवं होतं, चूक आहे. त्याबद्दल त्यांना मानलं. आमच्या धर्मग्रामाचे फादर उठले आणि म्हणाले की पीएफचा कायदा वीस किंवा जास्त कामगार असले की लागू होतो, आपल्याकडे तेवढे नाहीत, आणि ग्रॅच्युइटीला पण दहा लागतात. बरोबर आहे त्यांचं, आकडे चोख, मी रोज तेच काम करते. म्हणून मी म्हटलं, फादर कायदा लागत नाही हे मला मान्यच आहे, पण पहिल्या शनिवारी आपण शिकलो की माणूस हो म्हणाला एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही, ते वीसच्या वर लागू होतं का वीसच्या खाली पण? कोणीतरी मागून शिट्टी मारली, ती मला नको होती. फादर रागावले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, रविवारच्या दानपेटीत काय पडतं ते तुम्ही येऊन मोजा एकदा, अकाउंट्सवाल्या आहात, छपराचं काम निघालंय, शाळेचे पैसे थकलेत, मी कोणाचं द्यायचं आणि कोणाचं ठेवायचं. हेही खरंच आहे. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, बँडला, रोषणाईला आणि फटाक्यांना आम्ही वर्गणी किती काढतो ते मला माहीत आहे कारण त्या वर्गणीचा हिशोब एक वर्ष मीच लिहिलाय. म्हणजे पैसा नाही असं नाही, तो कुठल्या पेटीत पडतो तेवढंच.

काका तेव्हा मागच्या दाराशी जेवणाची ताटं मोजत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

जेवण चांगलं होतं, चिकन, तांदळाचे वडे, काकडीची कोशिंबीर, शाकाहारींना डाळ. माझ्या टेबलावर जरा कमी लोक बसले. फुलवाल्या बाई मुद्दाम येऊन बसल्या आणि माझ्या ताटात स्वतःचा एक वडा टाकला, बोलल्या काही नाहीत.

घरी जाऊन अजून एक झालं, ते लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू खोटा होईल. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई सहा वर्षं येतायत. मी वही काढली, घरखर्चाची लिहिते मी, आणि बघितलं की त्यांचे पैसे शेवटचे कधी वाढवले. पावणेतीन वर्षांपूर्वी. मधल्या काळात माझा पगार तीनदा वाढलाय. आजारी पडल्या ते पाच दिवस मी कापलेत, त्या पानावर माझ्याच अक्षरात वजा केलेले आहेत, लाल पेनाने. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे ना, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हणून, तेराव्या लिओंनी पण तेच वचन घेतलंय त्यांच्या पत्रात. ताईंशी बोलणं झालं, आकडा त्यांनी सांगितला, मी मनात धरलेला त्यापेक्षा जास्त होता, आणि मी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस घेतले. नवऱ्याने विचारलं, तू चर्चला एवढी बोललीस ना?

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी. पार्किंग आहे पण शनिवारी लग्न असलं तर विसरा. डावीकडच्या तिसऱ्या रांगेवरचा पंखा चालत नाही. पाण्याची बाटली न्या. तरुण फार कमी, डिलिव्हरीवाला पोरगा तिसऱ्या शनिवारनंतर आलाच नाही, संध्याकाळी चार ते साडेसहा त्याचा ऑर्डरचा टाइम, ही वेळ कोणाच्या सोयीने ठरवली ते आयोजकांनी बघावं. सहकारावर एक अख्खा दिवस हवा होता, आमच्याकडे १९१८ मध्ये बसीन कॅथलिक सहकारी बँक निघाली, आज शंभरी उलटून गेलीय, ते सोडून युरोपची उदाहरणं का. ख्रिस्ती नसलेल्यांनी गेलं तरी चालेल, आमच्या बॅचला दोन होते, एक तर निवृत्त युनियनवाले, फादरपेक्षा जास्त टाळ्या त्यांनीच घेतल्या.

महिन्याने कळलं की वित्त समितीत विषय घेतला होता आणि पुढच्या मीटिंगला ठेवलाय. पुढच्या मीटिंगची तारीख लागलेली नाही, मी नोटीस बोर्ड बघत असते. पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे, फी तीच, आणि पुण्याच्या फादरनी मला निरोप पाठवलाय की नव्या पुस्तिकेत तो भाग येतोय, पान ४१. आला तर अर्धा स्टार परत देईन.

फीडबॅक फॉर्मवर वक्ते, विषय, ध्वनी, भोजन आणि आसनव्यवस्था असे रकाने होते. आसनव्यवस्थेला पाच दिलेत.